म्हाताऱ्या माणसांचा बीपी: बसवून मोजता, उभं करून मोजलाय का?

बालाघाटकर

बीड जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात औषधनिर्माता होतो, आता निवृत्त आहे. गल्लीतले, गावाकडचे लोक अजून गोळ्यांची पाकिटं घेऊन घरी येतात. बहुतेक प्रश्न बीपीचेच असतात, आणि सत्तरीपुढच्या माणसांची पाकिटं बघितली की जीव खालीवर होतो. म्हणून हा धागा काढतोय.

आपल्याकडं म्हाताऱ्या माणसाला खुर्चीवर बसवून एकदा बीपी बघतात, चिठ्ठीवर आकडा लिहितात आणि गोळी ठरते. उभं करून सहसा कुणी बघत नाही. मग पहाटे लघवीला उठताना डोळ्यांपुढं अंधारी येते, माणूस न्हाणीच्या दारात कोसळतो, खुब्याचं हाड मोडतं. घरचे सांगतात, पाय घसरला. फरशी कोरडी असते. उठल्याबरोबर बीपी खाली आला होता हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. आणि सत्तरीनंतर खुबा मोडला की कित्येक माणसं परत स्वतःच्या पायानं शेतावर जात नाहीत, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

बघायची रीत सोपी आहे. पाच मिनिटं आडवं झोपवायचं, ते जमत नसेल तर शांत बसवायचं. बीपी घ्यायचा. मग उभं करायचं आणि एक मिनिटानं एकदा, तीन मिनिटांनी परत एकदा घ्यायचा. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला, तर तो कागद डॉक्टरांपुढं ठेवायचा. हे करताना धरायला शेजारी कुणीतरी पाहिजेच. गरगरलं तर लगेच बसवायचं, मोजणं पूर्ण करायच्या नादी लागायचं नाही.

असं का होतं? वय वाढलं की रक्तवाहिन्या कडक होतात. त्यामुळं वरचा बीपी चढतो आणि खालचा तसाच राहतो किंवा उलट कमी होतो. १७०/७० असे आकडे म्हाताऱ्यांत कायम दिसतात. "खालचा तर नॉर्मल आहे की" म्हणून लोक निश्चिंत होतात, पण या वयात वरच्याकडंच जास्त लक्ष द्यायचं असतं. त्याच वेळी, उभं राहिल्यावर बीपी सावरून धरायची शरीराची जी यंत्रणा असते ती वयानं सुस्त होते. जुनी साखर असेल तर आणखी सुस्त. वर प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असते, बीपीची प्राझोसिन असते, लघवी वाढवणारी गोळी असते, झोपेची गोळी असते. प्रत्येक गोळी वेगळ्या डॉक्टरांनी दिलेली, आणि सगळ्या गोळ्या एका जागी ठेवून बघितलेलं कुणी नसतं.

त्यात आपला उन्हाळा. परभणी-नांदेडकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. घाम जातो, म्हातारी माणसं तहान लागत नाही म्हणून पाणी पीत नाहीत, आणि लघवीची गोळी मात्र थंडीत ठरली होती तेवढीच चालू राहते. उन्हाळ्यात बीपी मुळातच थोडा उतरतो, थंडीत चढतो. त्यामुळं होळीच्या सुमाराला एकदा आणि दिवाळीनंतर एकदा गोळ्या डॉक्टरांकडून परत बघून घ्याव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. स्वतःच्या मनानं कमीजास्त मात्र करायच्या नाहीत.

---

हुरडा

काका, फार गरजेचं लिहिलंत. आई ७६ वर्षांची, जिंतूरकडं गावी असते. दवाखान्यात गेली की १७०-१७५ भरतो, घरी मशीनवर १३८-१४० येतो. डॉक्टर म्हणतात मशीन खराब आहे. आई म्हणते डॉक्टरला बघूनच धडधड व्हायलीय. कुणाचं खरं धरायचं?

---

बालाघाटकर

हुरडा, दोन्ही होऊ शकतं, म्हणून आधी मशीन तपासून घ्या. ती दवाखान्यात न्या, तिथल्या यंत्रानं आणि तुमच्या मशीननं पाठोपाठ बीपी घ्या. दंडावर पट्टा बांधायची मशीन आहे ना? मनगटावरच्या मशीनचा भरवसा कमी. पट्ट्याचं मापही बघा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर बीपी खोटा जास्त दिसतो.

मशीन बरोबर निघाली तर आईचं म्हणणं खरं असू शकतं. दवाखान्यात चढणारा आणि घरी उतरणारा बीपी पुष्कळांचा असतो. याच्या उलटंही असतं, दवाखान्यात चांगला आणि घरी चढलेला, आणि ते जास्त घातक, कारण ते कुणाला कळतच नाही.

घरी मोजताना अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही, मिश्री नाही. लघवी करून यायचं. पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर सरळ, मांडी घालायची नाही, एकावर एक पाय नाही. पाच मिनिटं गप्प. दंड उघडा, हात छातीच्या उंचीवर टेबलावर किंवा उशीवर टेकवलेला. मोजताना बोलायचं नाही आणि बोलवायचंही नाही. आपल्याकडं पट्टा फुगत असतानाच "जेवलीस का, गोळी घेतलीस का" सुरू असतं. मिनिटभर थांबून दुसऱ्यांदा मोजायचं. पहिल्या वेळी दोन्ही हातांचा बघायचा, ज्या हाताचा जास्त येतो तोच हात पुढं कायम धरायचा.

असं सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, आठवडाभर. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर बीपी वाढलेला आहे असं धरतात. दवाखान्यासाठी ती रेघ १४०/९० ची आहे. एकट्या-दुकट्या आकड्यावर काहीच ठरवायचं नाही.

---

करडई

आमच्या धाराशिवकडं जुने डॉक्टर सांगायचे, वय अधिक शंभर इतका बीपी चालतो. म्हणजे ७५ वर्षांच्या माणसाला १७५ पर्यंत काही करायचं नाही. काका, तुमचा धागा वाचून घरचे म्हणायलेत, बघा, गोळ्यांनीच माणसं पडतात, बंद करा. वडिलांनी कालपासून गोळी घ्यायला नकार दिलाय.

---

घाटीवाला

करडई, वडिलांची गोळी आजच सुरू करा आणि एक-दोन दिवसांत त्यांना डॉक्टरांकडं न्या. आधी कृपा करून एवढं करा, मग पुढचं वाचा.

मी फिजिशियन आहे. संभाजीनगरच्या घाटीत, म्हणजे तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात शिकलो, आता तालुक्याच्या गावी असतो. बालाघाटकर काकांचं म्हणणं बरोबर आहे, पण त्याचा अर्थ म्हाताऱ्यांना गोळ्या नकोत असा अजिबात होत नाही. 'वय अधिक शंभर' या हिशोबानं आपल्या भागातल्या फार माणसांना पक्षाघात दिलाय.

हा प्रश्न थेट तपासला गेलेला आहे. हायव्हेट नावाचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ८० वर्षांपुढची ३८४५ माणसं, सगळ्यांचा वरचा बीपी १६० किंवा जास्त. निम्म्यांना इंडापामाइड आणि लागली तर पेरिंडोप्रिल, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. ध्येय फार कडक नव्हतं, १५०/८० एवढंच. खऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत एकूण मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले, हृदय थकण्याचे प्रकार ६४ टक्क्यांनी कमी झाले, पक्षाघातही कमी दिसला. ऐंशीपुढं! त्यानंतर "आता या वयात काय उपयोग" म्हणायला जागा उरली नाही.

२०१५ च्या स्प्रिंट अभ्यासात त्याहून खाली जाऊन बघितलं, वरचा १२० च्या आत विरुद्ध १४० च्या आत. खाली आणलेल्या गटात मृत्यू आणि हृदयाचे आजार कमी झाले, पंचाहत्तरीपुढच्यांतसुद्धा. मात्र बीपी फार उतरणं, शुद्ध हरपणं, किडनीवर ताण येणं हेही त्याच गटात जास्त होतं.

मी काय करतो ते सांगतो. ७२ वर्षांचा ताठ चालणारा, स्वतः शेतात जाणारा माणूस असेल तर १४०/९० च्या आत आणतोच, झेपलं तर १३० च्या जवळ. ८५ वर्षांची, काठी टेकत चालणारी, वजन घटलेली आजी असेल तर १५० च्या आत आणून थांबतो, आणि पुढं तिला काय झेपतं ते बघत हळूहळू जातो. एकदम दोन गोळ्या कमी डोसवर सुरू करणं तरुणांत ठीक आहे. अशा आजीला एकच, तीही कमी डोसची.

---

बालाघाटकर

डॉक्टर, बरं झालं तुम्ही लिहिलंत. करडईंच्या घरी माझ्या लिहिण्यातून गोळी बंद व्हावी हे मला मुळीच नको आहे. न मोजलेला, न हाताळलेला बीपीही माणसाला पाडतोच, पक्षाघातानं.

तुम्ही स्प्रिंटचं सांगितलंत, त्यात एक जोडतो. उभं राहिल्यावर ज्यांचा वरचा बीपी ११० च्या खाली जात होता, त्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. साखरेचे रुग्णही नव्हते. म्हणजे १२० चं ध्येय ज्यांना लावून बघितलं, त्यांना आधी उभं करून मोजलं होतं. माझा सगळा आग्रह तेवढ्यासाठीच आहे. गोळी द्या, वाढवायची तर वाढवा, पण त्याआधी एकदा माणसाला उभं करा.

---

मांजराकाठ

मिठाचं कुणीच बोललं नाही. सासूबाई ७० च्या, बीपी आणि साखर दोन्ही. भाजीत मीठ कमी केलं की ताटात वरून घेतात. आता सैंधव आणलंय, ते चालतं ना? भाकरीत मी मीठ घालतच नाही.

---

सीएचओ ताई

मी लातूर जिल्ह्यात एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. मांजराकाठ ताई, सैंधव म्हणजेही मीठच, बीपीसाठी त्यात काही फरक नाही. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, हे जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे. आपण याच्या बरंच वर असतो.

भाकरीत मीठ नाही हे फार चांगलं. ज्वारीच्या भाकरीचा हा मोठा गुण आहे, आणि पावाच्या नादानं तो आपण घालवतोय. पण भाकरीसोबत काय आहे ते बघा. ठेचा, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, वर तळलेली खारवडी किंवा पापड. पापडाच्या पिठात मिठाशिवाय पापडखार असतो, तोही सोडियमचाच. भाजीत कमी केलेलं मीठ इथून परत पोटात जातं. मी म्हाताऱ्या बायकांना "मीठ सोडा" असं कधीच सांगत नाही, ऐकतच नाहीत. रोज लोणचं किंवा पापड यातलं एकच घ्या, चटणीत लिंबू आणि लसूण वाढवून मीठ अर्धं करा, आणि मिठाची वाटी पानाजवळून उचला, एवढंच सांगते. जीभ काही आठवड्यांत सवय करून घेते.

पोटात गॅस झाला की पाण्यात फसफसणारी पावडर घेतात, तीही सोडियमनं भरलेली असते. ज्येष्ठमधाचा काढा रोज घेतला तर त्यानंही बीपी चढतो.

आता एक गोष्ट कळकळीनं. आमच्याकडं म्हातारी माणसं म्हणतात, "अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा." साध्या सलाईनची अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे त्यात साडेचार ग्रॅम मीठ असतं! दिवसभराचं जवळजवळ सगळं मीठ एका तासात थेट शिरेत. जुलाब-उलटीनं सुकलेल्या माणसाला सलाईन जीवदान असतं. पण बीपीच्या, सुजलेल्या पायांच्या, दम लागणाऱ्या म्हातारीला ताकदीसाठी म्हणून लावू नका. ताकद त्यात नसते.

कमी सोडियमचं मीठ बाजारात मिळतं, त्यात काही भाग पोटॅशियमचा असतो. चीनमध्ये ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार माणसांवर ते वापरून बघितलं, २०२१ मध्ये निकाल आला, पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. ती माणसंही आपल्यासारखीच, घरी शिजवून खाणारी खेड्यातली, साठीपुढची बीपीवाली किंवा आधी पक्षाघात झालेली. पण किडनी कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या बीपीच्या गोळ्यांतलं काही चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात.

---

गोदातीर

नांदेडहून. वडील ७८. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून पांढऱ्या गोळ्या आणून खातात, कित्येक वर्षांपासून. बीपीच्या दोन गोळ्या होत्या, तिसरी लागली, तरी १६० च्या खाली येत नाही. आता आठवडाभर बोलण्यात गोंधळ व्हायलाय, माणसं ओळखताना अडखळतात, दिवसा झोपून असतात. घरात सगळे म्हणतात वय झालं.

---

घाटीवाला

गोदातीर, वय आठवड्यात होत नाही. उद्याची वाट न बघता आज न्या. रक्तात सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) तपासायला सांगा, साखरही. तिसरी गोळी लघवीची आहे का ते बघा, क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड, इंडापामाइड असं काही नाव असेल. म्हाताऱ्या माणसांत या गोळ्यांनी सोडियम उतरू शकतं आणि मग असाच गोंधळ, असाच झोपाळूपणा दिसतो. वेळेत ध्यानात आलं तर माणूस पूर्ण ताळ्यावर येतो. दुसरीही कारणं असू शकतात, म्हणून तपासणी टाळू नका.

दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीटही सोबत न्या. डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी चढवतात आणि बीपीच्या गोळ्यांचा असर कमी करतात. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल, वर लघवीची गोळी, वर ही दुखण्याची गोळी, असं त्रिकूट जमलं की किडनी बसते, उन्हाळ्यात तर लवकर बसते. साधी पॅरासिटामॉल, शेक आणि मांडीचा व्यायाम यावर भागतं का ते आधी बघायला हवं. बिननावाच्या पुड्या असतील तर त्यात स्टिरॉइड असू शकतं, तेही बीपी आणि साखर दोन्ही चढवतं.

असंच एक चक्र पायाच्या सुजेचं आहे. अॅम्लोडिपिननं घोट्याला सूज येते. ती औषधानं आलीय हे ओळखलं नाही की सूज उतरवायला लघवीची गोळी सुरू होते, तिनं चक्कर येते, मग चक्करेची गोळी. मूळ कारण पहिली गोळी. डोस कमी केला किंवा गोळी बदलली तर पुढचं सगळं टळतं.

---

तुळजाई

आमच्या आत्याचा बीपी लग्नात १९० निघाला, नुसतं डोकं जड होतं. कुणीतरी जिभेखाली कॅप्सूल फोडून घातली. तासाभरात हातपाय गार, घामाघूम. आता बऱ्या आहेत. पण असं करावं का?

---

घाटीवाला

नाही. निफेडिपिनची कॅप्सूल जिभेखाली फोडायची पद्धत धोक्याची आहे, ती सोडा असं डॉक्टरांना सांगून दशकं झाली. बीपी इतका झपाट्यानं आणि बेभरवशाचा कोसळतो की मेंदूला किंवा हृदयाला रक्त कमी पडून झटका येऊ शकतो.

१८०-१९० दिसला तर शांत बसवा, पाच-दहा मिनिटांनी परत घ्या. लग्नाच्या गडबडीत, जेवणानंतर, दुखत असताना बीपी चढतोच. दुसरी काही तक्रार नसेल तर जादा गोळी न देता त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, जीभ जड होणं, एकाएकी दिसेनासं होणं, यातलं काही असेल तर १०८ लावा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. म्हणून माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून ठेवा आणि सीटी असलेल्या ठिकाणीच न्या. वाटेत तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा नाही.

---

करडई

वडिलांना नेलं. दोन गोळ्यांतली एक कमी डोसची करून दिली, दुसरी तशीच. डॉक्टरांना उभं करून मोजायला सांगितलं, त्यांनी मोजला, २४ नं उतरला. ते स्वतःच म्हणाले, बरं झालं आठवण केलीत.

एक विचारायचंय. वडील एकादशीला निरंकार करतात, त्या दिवशी गोळी घेत नाहीत. आषाढीला पैठणच्या नाथांच्या पालखीसोबत पंढरपूरला जायचं म्हणतात. आमच्या शेजारचे चाचा रोजे धरतात, त्यांचाही हाच प्रश्न.

---

बालाघाटकर

करडई, वाचून समाधान वाटलं.

गोळी सकाळी का रात्री, यानं फारसं बिघडत नाही. ब्रिटनमध्ये २१ हजारांवर माणसांत हे तपासलं, २०२२ मध्ये निकाल आला, दोन्ही गटांत हृदयविकार आणि पक्षाघात सारखेच. म्हणजे रोज त्याच वेळी आणि न चुकता, एवढं पाळलं की झालं. त्यामुळं चाचांना डॉक्टरांकडून इफ्तारच्या किंवा सहरीच्या वेळेची गोळी ठरवून घेता येईल. लघवीची गोळी असेल तर रोज्यांच्या आधी ती आवर्जून दाखवून घ्या.

एकादशीला गोळी घोटभर पाण्यासोबत घ्यावी असं वडिलांना सांगा. औषधानं उपास मोडत नाही हे तुमच्याऐवजी त्यांच्या फडावरच्या महाराजांनी सांगितलं तर लवकर पटेल, तसं बघा. अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडिन असेल तर एकाएकी बंद करणं जास्त वाईट, बीपी उसळी मारून वर येतो. निरंकार मात्र मला या वयात, लघवीच्या गोळीवर असताना मान्य नाही. पाणी तरी प्यायलाच हवं.

वारीला जाऊ द्या. पूर्ण वारी पुरून चार-पाच दिवस उरतील एवढ्या गोळ्या घ्या, अर्ध्या त्यांच्या पिशवीत आणि अर्ध्या दिंडीतल्या दुसऱ्या कुणाकडं. चिठ्ठीचा फोटो दोघांच्या फोनमध्ये ठेवा. मुक्कामाला झोपेतून उठताना आधी बसायचं, पायाचे पंजे चार वेळा हलवायचे, मग कुणाचा तरी आधार धरून उभं राहायचं. वाटेत जुलाब लागले तर लघवीची गोळी आणि टेल्मिसार्टन त्या दिवसापुरतं थांबवायचं का, हे निघायच्या आधीच डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.